नाव कुठी हाय?

त्या माणसाने वनिताच्या हातचा चिवडा खाण्याआधी डब्याचं झाकण उलटं करून पाहिलं, मग डबा उचलून त्याचं बूड पाहिलं, आणि विचारलं, "नाव कुठी हाय?"

"कोणाचं नाव जी?" वनिता म्हणाली. वनिता म्हणजे माझी बायको. कॉलनीत राहायला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता.

"चिवड्याचं. कधी केला, कोणत्या तेलात केला, कोणं केला."

"आजच केला. मीच केला."

"मंग लिहा ना बाई! उद्याही तुमी म्हणान आजचा हाय, परवाही म्हणान आजचा हाय. खाणाऱ्यानं काय समजाचं?"

खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचा गुंडाळा निघाला, पेन निघालं. डब्यावर पट्टी लागली, तारीख पडली, वेळ पडली, वनिताची सही झाली. मगच त्यांनी चिवड्याला हात लावला. मग दोन वाट्या खाल्ला, हेही सांगून टाकतो. वनिता माझ्याकडे बघत होती आणि मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

हे आमचे केमिस्ट भाऊ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वीज केंद्रात मी बॉयलरवर ऑपरेटर, आणि ते बॉयलरच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत. माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे. कॉलनीत आमच्या अगदी डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. म्हणजे ड्युटीवर तर डोकं खायचेच, आणि मी घरी येऊन पाय पसरले की जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. त्यांचं काम बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे नमुने घेणं आणि तपासणं. पाठीमागे सगळे त्यांनाच नमुना म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "नमुना तर नमुना," ते म्हणायचे, "पण माह्यावर नाव तरी लिवलं हाय."

त्यांच्या घरी मी एकदा साखर मागायला गेलो होतो. मिठाच्या बरणीवर मीठ लिहिलेलं समजू शकतो, पण तिथं खिडकीवर खिडकी उघडल्याची तारीख होती. पौर्णिमेला बुद्धवंदनेनंतर त्यांच्याकडे खीर असायची, तिच्या भांड्यावरही दुधाचा दिवस आणि वेळ. त्यांची बायको शाळेत मास्तरीण, फार शांत बाई. मी बरण्यांकडे बघतोय हे पाहून म्हणाल्या, "सवय झाली जी. फक्त माह्या पाठीवर पट्टी लावाची राह्यली हाय."

प्रयोगशाळेत तर त्यांचा नियमच होता. ज्या बाटलीवर नाव नाही, ती बाटली मोरीत ओतायची. एकदा आमच्या मेंटेनन्सच्या फिटरने आईने तीर्थावरून आणलेलं गंगाजल प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलं. भाऊंनी बाटली फिरवून पाहिली, नाव नाही. ओतलं मोरीत. फिटर रडकुंडीला आला. "भाऊ, गंगा होती ते!" भाऊ म्हणाले, "मले का माहीत? तिनं सांगतलं नाई." चार दिवस दोघांत बोलणं बंद. पाचव्या दिवशी भाऊंनी प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहिलं, 'दुसऱ्याच्या श्रद्धेचं पाणी न विचारता ओतलं. चूक माझी.' खाली सही. आणि ते रजिस्टर घेऊन सगळ्यांच्या देखत फिटरसमोर उभे राहिले, वाचून दाखवलं. फिटरलाच लाज वाटली. हा माणूस असा होता, चूक झाली की ती हातात घेऊन गावभर मिरवायचा. मला तेव्हा ते नाटक वाटायचं.

आणि त्यांचा वैरी होता ऑक्सिजन. ज्यांना बॉयलर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. तिच्यातला ऑक्सिजन गरम नळ्यांना आतून कुरतडतो, गंज लावतो. म्हणून पाणी आधी तापवून हवा हाकलतात, उरलेल्यासाठी औषध टाकतात. भाऊंनी सगळी नोकरी या एका गोष्टीच्या मागे घालवली होती. "लोक म्हणतेत ऑक्सिजननं माणूस जगते," ते म्हणायचे. "अरे, जळते बी त्याच्याचनं! लोखंड जळते, तेल जळते, तू बी जळून राह्यला." लग्नाच्या पंगतीत भजं उचलून वास घ्यायचे आणि आचाऱ्याला विचारायचे, तेल कधी फोडलं. कापलेलं सफरचंद कोणी पुढं केलं तर नको म्हणायचे, कारण ते लाल पडलं. त्यांच्यासोबत जेवायला बसणं म्हणजे डोक्याला ताप.

मी हे सगळं चिडून सांगतो आहे, कारण अजूनही चीड येते. पण त्या माणसाचा विषय निघाला की मला माझ्या बायकोबद्दल सांगावंच लागतं. तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि नागभीडजवळच्या माझ्या गावात आई वनिताला कायमचं माहेरी पाठवायचं म्हणत होती. त्या चार वर्षांत वनिताने काय नाही केलं? चंद्रपूरच्या डॉक्टरणीकडे तपासण्या झाल्या, पोटात नळी घालून झालं, आईने गडचिरोलीकडच्या जंगलातून एका वैदूची मुळी आणवली, ती उगाळून पिऊन झाली. मी काय केलं? मी तिला मोटरसायकलवर बसवून नेलं आणि बाहेर खर्रा खात उभा राहिलो.

खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटा. दिवसाला सहा-सात व्हायचे. भाऊंना त्याची भयंकर चीड. एके दिवशी पाण्याच्या नळांपाशी मी पुडी सोडली आणि भाऊ नमुना घेता घेता म्हणाले, "लग्नाले किती वर्सं झाली बे?"

"चार."

"तपासलं का?"

"हो जी. तिचं सारंच नॉर्मल हाय."

"तिले कोण इचारते? तुले तपासलं का?"

मला असा राग आला की पुडी हातातून पडली. "भाऊ, मी धडधाकट माणूस हाय!"

"बॉयलर बी भाईरून धडधाकटच दिसते," ते म्हणाले, आणि बाटलीवर पट्टी चिकटवायला लागले.

त्यानंतर तीन महिने या माणसाने माझा पिच्छा सोडला नाही. सकाळी नळांपाशी, दुपारी कॅन्टीनमध्ये, संध्याकाळी जिन्यात. "नमुना देल्ला का?" कोणी सोबत असलं तरी हाच प्रश्न. लोक विचारायचे, कशाचा नमुना? मी म्हणायचो, पाण्याचा. शेवटी एकदाचा त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून गेलो. दवाखान्यात ती छोटी खोली, ती छोटी डबी, बाहेर बसलेली माणसं... त्याबद्दल मी अधिक काही लिहिणार नाही.

रिपोर्ट आला. संख्या कमी, पण संख्येपेक्षा हालचाल कमी. डॉक्टरणीने आणखी एक तपासणी करवली आणि मराठीत सांगितलं, की तुमच्या शुक्राणूंवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार आहे. शरीरात ऑक्सिजनचे बिघडलेले कण जास्त झाले की ते शुक्राणूंना इजा करतात. तंबाखू हे एक कारण, भट्टीजवळची उष्णता दुसरं असू शकतं. वनितामध्ये दोष नाही. वनिता माझ्या शेजारी बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "घरी सध्या सांगू नको." ती म्हणाली, "तुमी सांगान तवा सांगा." तिला वाटलं मी आठ-पंधरा दिवसांत सांगेन.

भाऊंना मात्र मी रिपोर्ट दाखवला. आणि काय सांगू, त्या माणसाचा चेहरा असा खुलला! मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं आणि हे टाळी वाजवतात.

"ऑक्सिजन! मी म्हणत होतो ना? ऑक्सिजनच!" मग माझा चेहरा बघून जरा ओशाळले आणि मला बाकावर बसवून समजावायला लागले. "जवसाचं तेल पाह्यलं ना? घाण्यावरून आणलं, उघडं ठेवलं, की आठ दिसात खवट. शेंगदाण्याचं तेवढं लवकर होत नाई. तर शुक्राणूचं भाईरचं कातडं त्या जवसाच्या तेलासारखं. लवकर खवट होणारं. अन् आत बिचाऱ्यापाशी औषधाचा साठा नाई, एवढासा जीव, ठेवन कुठी? ते कातडं खवट झालं की शेपटी हालत नाई. हालली तरी आत पोराच्या नावाची जे चिठ्ठी असते, ते फाटून जाते. समजलं?"

समजलं होतं. डॉक्टरणीने अर्ध्या तासात जे सांगितलं त्याहून जास्त समजलं होतं. तेच तर दुखत होतं.

पण या माणसाला कुठं काय बोलावं याचं भान म्हणून नव्हतं. बॉयलरपाशी आवाज एवढा असतो की कानात बोळे घालून ओरडून बोलावं लागतं. दुसऱ्याच दिवशी भाऊ तिथं आले आणि दहा हातांवरून ओरडले, "घाबरू नोको! संख्या ठीक होईन! मोटिलिटी कमी हाय, तेवढंच पाहाचं हाय!"

मोटिलिटी म्हणजे हालचाल. पण गंगाजलवाला फिटर मागेच उभा होता, त्याने ऐकलं मोटर. "कोणती मोटर कमी फिरून राह्यली जी?" तो माझ्याकडे धावत आला. मी म्हटलं, कोणतीच नाही. तो म्हणाला, "केमिस्टभाऊ खोटं बोलत नाई." दोन दिवस तो माणूस माझ्या मागे, मोटरचा नंबर सांगा, मी खोलून पाहतो. तिसऱ्या दिवशी त्याने एक बरी-चांगली मोटर खोललीही, आणि मला येऊन सांगितलं, "बेअरिंग झिजलं होतं जी थोडं. बरं झालं सांगतलं." भाऊंना हे सांगितलं तर ते डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसले. मी नाही हसलो. आता हसू येतं कधी कधी.

मग सुरू झाला भाऊंचा कार्यक्रम. खर्रा बंद, हे ठीक. भट्टीजवळ गरजेपुरतंच उभं राहायचं, हेही ठीक. डॉक्टरणीने दिवसाला एक गोळी दिली होती, ऑक्सिजनचा जोर मारणारी. भाऊ म्हणाले, एकानं काय होते? त्यांनी औषधाच्या दुकानातून आणखी दोन प्रकारच्या आणल्या, माझ्याच नावाच्या पट्ट्या लावून. वरून आवळ्याचा रस, टमाटे, संत्री, ताटलीभर जवसाची चटणी. "एक बी कण उरला नाई पाह्यजे," ते म्हणायचे. आणि मी शहाणा, तिन्ही गोळ्या दोन-दोन खायचो, म्हणजे लवकर होईल. रोज सकाळी जिन्यात वरून आवाज, "गोळ्या घेतल्या का बे?" खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला वाटायचं मला साखर झाली आहे. ती येऊन मेथीचे दाणे देऊन गेली.

याच दिवसांत धानाच्या कापणीला आम्ही गावी गेलो. दुसऱ्या दिवशी परस्पर दवाखान्यात जायचं होतं म्हणून फाईल सोबत होती. आता ही गोष्ट नीट ऐका, कारण सगळं रामायण इथून आहे. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेलं की फाईल बाईच्या नावाने निघते. नवऱ्याची तपासणीही त्याच फाईलला लागते. त्यामुळे माझ्या रिपोर्टच्या पाकिटावर ठळक नाव वनिताचं, आणि माझं नाव आत, कागदावर, बारीक अक्षरात.

माझा मोठा भाऊ चार्जर शोधायला आमची बॅग उघडून बसला. त्याच्या हाताला ते पाकीट लागलं. वर वनिताचं नाव, आत कागदाच्या खाली जाड टायपात 'ॲबनॉर्मल'. मधलं इंग्रजी त्याला कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. मी अंगणात धानाचे भारे उतरवत होतो. आतून त्याचा आवाज आला, "माय, रिपोर्ट सापडला! हिच्यातच खराबी हाय. कागदावर लिवून हाय."

आई बाहेर आली. वनिता विहिरीवरून घागर घेऊन येत होती, ती तिथंच थांबली. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी भारा खाली ठेवला, दुसरा उचलला. एक शब्द नाही बोललो. माझी जीभ उचललीच नाही, असं मी नंतर तिला म्हटलं. ती म्हणाली, भारा तर उचलला.

त्यानंतर गावात काय काय झालं, ते मला वनिताकडून नाही, दुसऱ्यांकडून कळायचं. वहिनीच्या बहिणीच्या ओटीभरणाला सगळ्या घराला बोलावणं, वनिता सोडून. चुलत भावाच्या लग्नात हळद लावायला ती पुढं झाली तर कोणीतरी म्हणालं, तू राहू दे. ती परत येऊन भांडी घासायची. मला विचारायची सुद्धा नाही, कधी सांगता म्हणून. विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. सुधारणा शून्य. उलट हालचाल जराशी कमीच. डॉक्टरणीने विचारलं, गोळी रोज घेता ना? मी अभिमानाने सांगितलं, एक नाही, सहा घेतो. त्या बाईने पेन खाली ठेवलं.

"अहो, थोडा ऑक्सिजन त्या पेशीलाही लागतो," त्या म्हणाल्या. "स्त्रीबीजात शिरायची वेळ येते तेव्हा त्याचा चटका बसल्याशिवाय शुक्राणू तयारच होत नाही. तुम्ही तर चूलच विझवायला निघालात! कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी वर जाऊन भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम. मला वाटलं आता वाद घालतील, मग मला एकदा तरी त्यांच्यावर ओरडायला मिळेल. पण दोन दिवस जिन्यात आवाज नाही, नळांपाशी प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. मी खुर्ची पुढं केली तर बसले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ वनिताला म्हणाले, "वनिताबाई, चूक माही हाय. डॉक्टरणीच्या वर मी शाना झालो. तुमच्या नवऱ्याले जास्त गोळ्या मी चारल्या. तुमचे तीन महिने गेले माह्यामुळं. आमच्या नव्या इंजिनिअरनं मले सांगतलं होतं, का नळीत बी थोडा ऑक्सिजन राहू द्या, त्याच्यानं आतून पक्का थर बसते अन् नळी वाचते. त्याच्याशी बी मी भांडलो. त्याले बी सांगून येतो आता."

वनिता म्हणाली, "तुमच्यानं काई बिघडलं नाई भाऊ. बिघडलं ते पाकिटानं."

आणि तिने सगळं सांगितलं. मी तिथंच होतो, भिंतीला टेकून. भाऊ ऐकता ऐकता लाल झाले.

"नमुना याचा," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "अन् नाव तुमचं? अन् हा चूप?"

"हो जी."

"काऊन बे?"

मी म्हटलं, आईचं वय झालं, तिला सोसणार नाही. भाऊ म्हणाले, "हिले सोसते वाटते मंग," आणि वनिताकडे मान हलवून निघून गेले. ते गेल्यावर वनिता एवढंच म्हणाली, "चूक माही हाय, केवढे सहज बोलले ना भाऊ."

पण म्हणून मी सांगितलं का? नाही. आता भाऊंनी नवीन प्रश्न धरला. सकाळी नळांपाशी, "दुरुस्त केलं का?" दुपारी कॅन्टीनमध्ये, "दुरुस्त केलं का?" मी रस्ता बदलायला लागलो. कॅन्टीन सोडून डबा न्यायला लागलो. एकदा त्यांना चुकवायला मी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याकडून वळसा घालून गेलो, काळा होऊन बाहेर आलो, तर समोर हेच, हातात बाटल्यांचा ट्रे. "दुरुस्त केलं का?" असा संताप झाला की मी ओरडलो, "तुमाले दुसरं काम नाई का भाऊ? माह्यं घर हाय ते!" ते शांतपणे म्हणाले, "घर तुमचं दोघांचं हाय."

उन्हाळ्यात गावाहून निरोप आला. रविवारी बैठक. वनिताच्या भावाला बोलावलं आहे, सोडचिठ्ठीचं बोलायचं आहे, तिलाही घेऊन या. वनिताने फोन ठेवला आणि पेटी काढून कपडे भरायला लागली. दोन दिवसांसाठी जातात तेवढे नाही, सगळे. लग्नातलं पातळही तिने वरून घडी करून ठेवलं. मी वर धावलो.

"भाऊ, तुमी चला. तुमी सांगा माह्या मायले. तुमी शिकले-सवरले, तुमचं ऐकन ते. जवसाच्या तेलाचं, शेपटीचं, सारं समजावून सांगा. मले नाई जमत."

भाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारवर खूण केली. "येतो," म्हणाले.

मी एवढा सुटलो की गाडीत मला झोप येत होती, पण झोपू देतील तर ना! चंद्रपूर ते नागभीड त्या पॅसेंजरमध्ये हा माणूस सारखा बोलत होता. मूल स्टेशन येईस्तोवर गंजाचे प्रकार झाले. सिंदेवाहीला धानाच्या संशोधन केंद्राची पाटी दिसली तर तांदूळ जुना झाला की त्यातलं तेल कसं खवटतं, ते समोरच्या अनोळखी बाईला सांगितलं. वनिता खिडकीत बसून बाहेर बघत होती. मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, बोल, असाच तिथं बोल.

गावच्या घरी ओसरीवर सगळे बसले होते. आई, मोठा भाऊ, वनिताचा भाऊ मान खाली घालून. वनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चहा आला. आईने सरळ भाऊंनाच हात जोडले. "साहेब, तुमी मोठे माणसं. तुमीच सांगा. पोराचं वय जाऊन राह्यलं. तिच्यात खराबी हाय तं पोरानं जन्मभर तसंच राहाचं का?"

मी भाऊंकडे पाहिलं. आता सुरू होईल. जवस, बॉयलर, नळ्या, काय हवं ते.

भाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "मी पाण्याचा केमिस्ट हाव बाई," ते म्हणाले. "ह्याच्यातलं मले काई समजत नाई."

आणि गप्प. पूर्ण गप्प! ज्या माणसाने बॉयलरवर ओरडून माझी अब्रू काढली, ज्याला रेल्वेतल्या परक्या बाईला तांदळाचं तेल समजावल्याशिवाय राहवलं नाही, त्या माणसाला नेमकं इथं काही समजत नव्हतं! मी कोपराने ढोसलं. त्यांनी बशी दुसऱ्या हातात घेतली. मी खोकलो. ते ओसरीच्या छपरावरच्या कवेलूंकडे बघत बसले. मला वाटलं उठावं आणि ती बशी त्यांच्या डोक्यावर फोडावी. माझा विश्वासघात केला होता या माणसाने, तेही शंभर किलोमीटर सोबत येऊन.

मोठा भाऊ वनिताच्या भावाला म्हणाला, "मंग तुमी आजच नेता का बहिणीले?"

तिचा भाऊ, धान-कापूस करणारा साधा माणूस, हळूच म्हणाला, "नेतो जी. काय करता."

वनिता दारातून आत वळली. पेटी आणायला. मी तिची पाठ पाहिली आणि मला वाटलं, ही आता गेली की पुन्हा या माणसांत येणार नाही, आणि बरोबरच करेल.

"तिच्यात नाई," मी म्हटलं.

"काय म्हणते हा?" आईने विचारलं.

मी जमिनीकडे बघत पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हटलं, "खराबी माह्यात हाय. रिपोर्ट माहा होता. पाकिटावर नाव तिचं होतं."

मोठा भाऊ म्हणाला, "काय पुटपुटून राह्यला बे?"

वनिता आतून परत आली. पेटी तिच्या हातात होती. ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, सासूसमोर, थोरल्या दिरासमोर, मला म्हणाली, "जोरानं सांगा. माह्यं नाव घेतलं तवा सारे जोरानं बोलत होते."

मी उभा राहिलो. आणि सांगितलं. जोरात. की माझ्या बीजात ताकद नाही, डॉक्टरणीने मला सांगितलं, वनिताच्या समोर सांगितलं, ती सगळी नॉर्मल आहे, कापणीच्या दिवशी मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. शेजारच्या अंगणात धान पाखडणारी बाई सूप हातात धरून तशीच थांबली. रस्त्याने सायकलवर जाणारा एक जण उतरला. मी थांबलो नाही. ओटीभरणाला हिला बोलावलं नाही तेही बोललो, हळदीचंही बोललो. आईने डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तोंडावर हात ठेवला. मोठा भाऊ उठून गोठ्याकडे निघून गेला.

तुम्ही विचाराल, मग मूल झालं का. नाही अजून. आता एकच गोळी घेतो, खर्रा बंद आहे, आकडे सुधारले आहेत, आणि डॉक्टरणी म्हणते आशा ठेवा. वनिता आठ दिवस भावाकडे राहून परत आली. केमिस्ट भाऊ निवृत्त होऊन सिंदेवाहीला गेले, तिथून फोन करतात आणि पाऊण तास डोकं खातात.

पण त्या दिवशी ओसरीवर माझं बोलून संपलं तेव्हा वनिताने पेटी खाली ठेवली. ती आत गेली, चुलीपाशी बसली, आणि एकदम मोठ्याने रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. मी उठून आत जायला निघालो, तर भाऊंनी माझं मनगट धरलं आणि ओढून खाली बसवलं. त्यांचा हात घट्ट होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"बस इथीच," ते म्हणाले. "रडू दे तिले. आजवर तुह्यासाठीच चूप होती ते."